अमेरिकेत नवीन आलात? ‘शून्य डॉलरचा’ फोन घेण्याआधी मांडायचा हिशेब

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मोबाइल कंपनीच्या दुकानावर मोठ्या अक्षरांतली पाटी दिसते: नवा आयफोन, ० डॉलर. पुण्यात किंवा नागपुरात ज्या फोनला पाऊण लाखाच्या वर मोजावे लागतात तो इथे फुकट मिळतोय म्हटल्यावर कुणाचाही पाय दुकानाकडे वळणारच. आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टमध्ये हा प्रश्न हटकून येतो: “ऑफर चांगली आहे, घेऊन टाकू का?”

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘थांबा’ असं असतं. या फोनचे पैसे महागड्या प्लॅनमधून पुरेपूर वसूल होतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही त्या कंपनीला दोन-तीन वर्षांसाठी बांधले जाता. ज्याचा स्वतःचा व्हिसाच तीन वर्षांची खात्री देत नाही, त्याने अशी बांधिलकी घेण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसावं. त्या अर्ध्या तासात काय करायचं ते पुढे क्रमाने लिहितो.

१. आधी हा व्यवहार समजून घ्या

जून २००७ मध्ये पहिला आयफोन आला. ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला होता, सप्टेंबरमध्ये त्याची किंमत ३९९ झाली. जुलै २००८ मध्ये आयफोन ३जी आला आणि किंमत एकदम १९९ डॉलरवर आली. २०० डॉलर कमी झाले, पण त्याच वेळी एटी अँड टी या मोबाइल कंपनीने आयफोनचा डेटा प्लॅन महिन्याला २० वरून ३० डॉलर केला. करार दोन वर्षांचा. महिन्याला १० डॉलर जास्त म्हणजे २४ महिन्यांत २४० डॉलर. सूट २०० ची, वसुली २४० ची.

त्याच ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने तो फोन भारतात आणला, किंमत ३१,००० रुपये. तेव्हाच्या भावाने अमेरिकेतले १९९ डॉलर म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास. एकाच फोनच्या किमतीत एवढी तफावत का, हे तेव्हा अनेकांना कळेना. मुख्य कारण साधं होतं. आपल्याकडचा ग्राहक फोनची किंमत काउंटरवर एकरकमी देत होता आणि अमेरिकेतला ग्राहक तीच किंमत दोन वर्षांच्या बिलांतून देत होता. आपण प्रीपेडवर वाढलेली माणसं. फोन एका दुकानातून, सिम दुसरीकडून, आणि नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात नंबर पोर्ट. त्यामुळे इथल्या पाटीमागची गोम आपल्या चटकन लक्षात येत नाही.

जुन्या पद्धतीत आणखी एक अन्याय होता. २०१२ चा आयफोन ५ करारावर १९९ डॉलरला आणि कराराशिवाय ६४९ ला होता. हे ४५० डॉलर कंपनी २४ महिन्यांत बिलातून काढून घ्यायची, पण पंचविसाव्या महिन्यात बिल कमी होत नसे. फोन फिटला तरी ग्राहक तेवढेच पैसे भरत राहायचा. मध्येच सोडायचं म्हटलं तर दंड होता. व्हेरायझनमध्ये स्मार्टफोनसाठी तो ३५० डॉलरपर्यंत जायचा, करार जसजसा पुढे सरकेल तसतसा कमी होत जायचा.

मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने दोन वर्षांचे करार बंद केले आणि फोनचे पैसे वेगळे दाखवायला सुरुवात केली: आयफोन ५ साठी सुरुवातीला ९९.९९ डॉलर आणि मग २० डॉलरचे २४ हप्ते. हप्ते संपले की बिल उतरायचं. पुढे व्हेरायझन आणि एटी अँड टी यांनीही तोच मार्ग धरला, आणि २०१६ च्या सुरुवातीपर्यंत जुने करार जवळजवळ गेले. ग्राहकासाठी तो बदल खरोखर चांगला होता.

मग बिल क्रेडिट आलं, आणि बांधिलकी नव्या रूपात परतली. आजची ऑफर अशी चालते. ७९९ डॉलरचा फोन तुम्ही ३६ हप्त्यांवर घेता, हप्ता २२.१९ डॉलर. कंपनी दर महिन्याला बिलातून २२.१९ वजा करते. तुमच्या खिशातून शून्य. पण कागदोपत्री ७९९ डॉलरचं कर्ज तुमच्या नावावर आहे, आणि सूट एकदम न मिळता ३६ तुकड्यांत मिळते. कंपनी सोडलीत की उरलेले तुकडे बंद. उरलेले हप्ते मात्र तुमचेच. चौदा महिन्यांनी सोडायची वेळ आली तर २२ हप्ते, म्हणजे ४८८ डॉलर, एकदम भरावे लागतात. जुन्या दंडापेक्षा हे जास्तच झाले.

एटी अँड टी आणि व्हेरायझनचे हप्ते साधारण ३६ महिन्यांचे असतात, टी-मोबाइलचे बहुधा २४ महिन्यांचे. कंपन्या हे का करतात तेही लक्षात घ्या. इथे जवळजवळ प्रत्येकाकडे फोन आहे. नवीन ग्राहक म्हणजे दुसऱ्या कंपनीचा फोडलेला ग्राहक. अशा बाजारात तुम्ही तीन वर्षं हलणार नाही याची खात्री कंपनीला फोनच्या किमतीपेक्षा मोलाची वाटते.

२. आपण इथे किती काळ आहोत ते ठरवा

फोनचा विषय असला तरी सुरुवात व्हिसापासून करायची. एमएसला आलेल्या मुलाचा कोर्स दीड-दोन वर्षांचा. पुढे ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४. कागदावर पाच वर्षं दिसतात, पण दुसऱ्या वर्षानंतरचं सगळं नोकरीवर अवलंबून. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहसा तीन वर्षांसाठी मिळतो, पण नोकरी गेली तर नवीन शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत घराचं भाडं, विम्याची धावपळ आणि परतीचं तिकीट डोक्यावर असताना फोनच्या कर्जाचे चारशे-पाचशे डॉलर अंगावर आले तर माणूस मेटाकुटीला येतो. अशा काळातून गेलेली कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हा मुद्दा किमतीच्याही आधी ठेवला.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांसाठी प्रश्नच नाही. भारतातून आणलेला फोन आणि प्रीपेड सिम, बस्स.

३. खिशातून एकूण किती जाणार ते मांडा

दुकानातला माणूस महिन्याचा आकडा सांगतो. तुम्ही तीन वर्षांचा काढा. मी एका लाइनचा, म्हणजे एका नंबरचा, हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या राज्याचे आणि प्लॅनचे आकडे घालून तोच पुन्हा करा.

पहिला पर्याय, कंपनीची ऑफर. सगळ्यात मोठी सूट वरच्या अनलिमिटेड प्लॅनवर असते. एका लाइनला असे प्लॅन साधारण ६५ ते १०० डॉलर पडतात. आपण ८५ धरू. ३६ महिन्यांचे ३,०६० डॉलर. फोन ‘फुकट’, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत विक्रीकर फोनच्या पूर्ण किमतीवर लागतो, सवलतीच्या किमतीवर नाही, आणि तो पहिल्याच दिवशी भरावा लागतो. ७९९ वर ९ टक्के धरले तर ७२ डॉलर. वर लाइन सुरू करण्याचे ३५ ते ४०. सगळं मिळून ३,१६७ डॉलर आणि प्लॅनवरचे मासिक कर वेगळे. हे कर इलिनॉय आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत चांगलेच जाणवतात.

दुसरा पर्याय, तोच फोन रोख आणि अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा. आयफोन १६ आला तेव्हा जाहिरातीतली ७९९ ही किंमत कंपनीशी जोडून घेतल्यास होती, कुठल्याही कंपनीशी न जोडता ८२९. करासह ९०४ डॉलर. त्यावर महिन्याला २५ डॉलरचा प्रीपेड प्लॅन, ३६ महिन्यांचे ९००. एकूण १,८०४.

तिसरा पर्याय, मधल्या किमतीचा फोन. पिक्सेल ९ए ४९९ डॉलरला आला. करासह ५४४, आणि तेच ९०० प्लॅनचे. एकूण १,४४४.

पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात फोन एकच आहे, फरक १,३६३ डॉलरचा. रुपयांत एक लाखाहून जास्त. तिसऱ्याशी तुलना केली तर फरक १,७२३ डॉलर.

एवढं सगळं दर वेळी मांडायला वेळ नसेल तर एकच भागाकार करा. फोनची किंमत भागिले महिने. ७९९ भागिले ३६ म्हणजे महिन्याला २२ डॉलर. कंपनीचा प्लॅन तुम्हाला पुरणाऱ्या स्वस्त प्लॅनपेक्षा २२ डॉलरहून जास्त महाग असेल, तर फोनचे पैसे तुम्ही भरताय, आणि वर काही जास्तीचेही.

परवडतं की नाही हे विद्यार्थ्याने डॉलरपेक्षा तासांत मोजावं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. तासाला १५ डॉलर धरले तर करांसह ९५ डॉलरचं बिल म्हणजे दर महिन्याला सहा तासांहून जास्त काम फक्त फोनसाठी. २५ च्या प्लॅनला दोन तासही लागत नाहीत. हे चार तास परीक्षेच्या आठवड्यात फार मोठे असतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ८५ चा आणि २५ चा प्लॅन अगदी सारखे नसतात. महागड्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा डेटा जास्त, परदेशातलं रोमिंग, एखाद्या ओटीटीचं सदस्यत्व आणि गर्दीच्या वेळी डेटाला प्राधान्य मिळतं. स्टेडियममध्ये किंवा मोठ्या विमानतळावर स्वस्त प्लॅनचं इंटरनेट आधी मंदावतं. तुमचं काम त्यावर अडत असेल तर जास्तीचे पैसे रास्त आहेत. ज्याचा दिवस घर, लायब्ररी आणि लॅबच्या वायफायवर जातो, त्याचं सहसा काही अडत नाही.

४. हातात असलेला फोन चालतो का ते आधी पाहा

सगळ्यात स्वस्त फोन म्हणजे बॅगेतून आणलेला. पण तो इथे नीट चालेलच असं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं. आता फोन ४जी किंवा ५जीवरून कॉल करू शकला पाहिजे, आणि त्या कंपनीने तो फोन मान्यही केलेला पाहिजे. एटी अँड टी याबाबत सगळ्यात कडक आहे. त्यांच्या यादीत नसलेल्या फोनवर सेवा नाकारली जाते, आणि भारतात विकले जाणारे बरेच अँड्रॉइड फोन त्या यादीत नसतात. टी-मोबाइलच्या जाळ्यावर परदेशी फोनला त्यामानाने कमी अडचण येते, पण त्यांचा बँड ७१ आणि व्हेरायझनचा बँड १३ (लांबवर पोहोचणाऱ्या लहरींचे पट्टे) भारतीय मॉडेलमध्ये बऱ्याचदा नसतो. अशा फोनला शहरात रेंज मिळते, पण इमारतीच्या आत आणि गावाबाहेर ती तुटते.

करायचं एवढंच: फोनवर *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ‘स्वतःचा फोन आणा’ या पानावर तो तपासा. हे भारतातून निघायच्या आधीच करता येतं. फोन चालत असेल तर पहिलं सत्र त्यावरच काढा. इथलं वातावरण, राहण्याची जागा, कुठल्या कंपनीची रेंज तुमच्या अपार्टमेंटमध्ये येते हे सगळं तोवर कळतं.

५. भारतातल्या ओटीपीचा विचार करा

हा मुद्दा इंग्रजी सल्ल्यांमध्ये सहसा सापडत नाही, कारण तो आपला आहे. कंपनीच्या हप्त्यावरचा फोन सहसा लॉक्ड असतो, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम किंवा ई-सिम चालत नाही. त्यामुळे जिओ किंवा एअरटेलचा तुमचा नंबरही त्यात बसत नाही. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, घरी पैसे पाठवण्यासाठीचा ओटीपी, सगळे त्या नंबरवर येतात. मग माणूस खिशात दोन फोन घेऊन फिरतो, किंवा जुना फोन घरी चार्जिंगला लावून ठेवतो आणि नेमका बाहेर असताना ओटीपी येतो.

अनलॉक्ड फोनमध्ये अमेरिकेचा आणि भारताचा, दोन्ही नंबर शेजारी शेजारी नांदतात. एवढ्या एका सोयीसाठी तरी विद्यार्थ्यांनी अनलॉक्ड फोन घ्यावा असं मी ठामपणे म्हणेन.

त्यात आणखी एक भर. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची जागाच नसते, फक्त ई-सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही ई-सिम देतात, पण प्लास्टिकचं सिम ई-सिममध्ये बदलून घेणं इथून जिकिरीचं होतं. तुमचा आताचा फोन ई-सिम घेत असेल तर पुण्या-मुंबईत असतानाच ते उरकून घ्या, आणि दुसऱ्या फोनवर कसं न्यायचं तेही त्याच वेळी विचारून ठेवा. नंबर जिवंत ठेवायला किमान वैधतेचा रिचार्ज आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असणं पुरतं. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा.

सुट्टीत घरी जाताना आपला फोन आईला देऊन यावा असा बेत असेल, तर लॉक्ड फोनचा तिथे उपयोग नाही हेही आधीच लक्षात ठेवा.

६. क्रेडिटचा अडथळा

हप्त्यावरचा फोन म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हटलं की कंपनी तुमचा क्रेडिट स्कोअर पाहते. तो ३०० ते ८५० च्या पट्टीवर असतो आणि नव्याने आलेल्याचा स्कोअर शून्यही नसतो, तो नसतोच. एफ-१ विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, काम मिळाल्यावरच मिळतो. अशा वेळी कंपनी डिपॉझिट मागते, फोनच्या किमतीचा मोठा भाग आधी मागते, किंवा सरळ नाही म्हणते. पाटीवरच्या बारीक अक्षरांत ‘पात्र ग्राहकांसाठी’ असं लिहिलेलं असतं ते यासाठी.

नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. प्रीपेडला ना क्रेडिट लागतं ना सोशल सिक्युरिटी नंबर. क्रेडिट तयार करायचं असेल तर बँकेचं डिपॉझिटवर मिळणारं क्रेडिट कार्ड हा त्यासाठी जास्त सरळ रस्ता आहे. फोनच्या हप्त्याने ते काम होईल या भरवशावर राहू नका.

७. स्वस्त प्लॅन कुठे मिळतात

देशभर स्वतःचं जाळं असलेल्या मोठ्या कंपन्या तीन: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. बाकी बहुतेक नावं याच तिघांचं जाळं भाड्याने घेऊन किंवा त्यांच्याच मालकीखाली चालतात. व्हिजिबल व्हेरायझनची, क्रिकेट एटी अँड टीची, मेट्रो टी-मोबाइलची. मिंट मोबाइल २०२४ मध्ये टी-मोबाइलने विकत घेतली. यांच्यातले स्वस्त प्लॅन महिन्याला साधारण १५ ते ३० डॉलरमध्ये बसतात. मिंटचा सगळ्यात कमी दर वर्षभराचे पैसे एकदम भरल्यावर मिळतो, म्हणून आधी तीन महिन्यांचा घ्या आणि रेंज पाहा.

निवडताना शेजारच्या मित्राला विचारा की त्याच अपार्टमेंटमध्ये, त्याच वर्गात त्याचा फोन कसा चालतो. नकाशावरचा रंग बघण्यापेक्षा हे बरं.

एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरावीक नमुन्यातली पट्टी दाखवणं बंधनकारक आहे. मासिक दर, वरचे आकार, डेटाची मर्यादा, वेग, सगळं एका चौकोनात. संकेतस्थळावर प्लॅन निवडताना ती शोधा. जाहिरात वाचण्याआधी ती वाचा.

८. दुकानात गेलातच तर

समोरचा मुलगा-मुलगी बहुतेक वेळा कमिशनवर काम करत असतात. ते वाईट नसतात, पण त्यांचा फायदा तुम्ही जास्त लाइन, जास्त वरचा प्लॅन आणि विमा घेण्यात असतो. ‘टॅब्लेट फुकट आहे’ असं म्हणाले तर समजा की त्या टॅब्लेटला स्वतःची लाइन आहे आणि तिचे दर महिन्याला १० ते २० डॉलर. घड्याळाचंही तसंच.

सही करण्याआधी एवढे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या, ईमेलवर चालेल:

आज काउंटरवर मला एकूण किती भरायचे आहेत, करासह?
क्रेडिट किती महिने, आणि पहिलं क्रेडिट कुठल्या बिलात दिसेल?
प्लॅन खालचा केला तर क्रेडिट बंद होतं का?
हप्ते लवकर फेडले तर उरलेलं क्रेडिट मिळतं की जातं?
सांगितलेला दर ऑटोपे (दर महिन्याचं बिल आपोआप भरणं) धरून आहे का? क्रेडिट कार्डवरून ऑटोपे चालतो की बँक खातंच लागतं?
अनलॉक कधी करून मिळेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं. हप्ते आधी फेडले की उरलेली सूट जाते, असं बऱ्याच ऑफरमध्ये असतं. अनलॉकसाठी एटी अँड टी आणि टी-मोबाइल फोन पूर्ण फिटलेला मागतात. म्हणजे लवकर अनलॉक हवं तर फेडा, फेडलंत तर सूट गमावा. या कात्रीत बरेच जण सापडतात.

विम्याचा आग्रह होईल, महिन्याला १५ ते २० डॉलर. ३६ महिन्यांत ५४० ते ७२०, आणि फोन फुटला तर वरून ठरावीक रक्कम पुन्हा भरायचीच. चांगलं कव्हर आणि काच घ्या, आणि तेवढे पैसे बाजूला टाका.

पहिलं बिल आल्यावर ओळ न् ओळ वाचा. त्यात प्लॅनचा दर, त्याखाली ‘ऑटोपे सवलत’ उणे ५ किंवा १०, फोनचा हप्ता २२.१९, मग ‘प्रमोशन क्रेडिट’ उणे २२.१९, आणि शेवटी कर व आकार अशा ओळी दिसल्या पाहिजेत. क्रेडिटची ओळ सुरू व्हायला एक-दोन बिलं लागू शकतात, पण तिसऱ्या बिलातही दिसली नाही तर त्याच दिवशी तक्रार करा, लेखी घेतलेला ईमेल पुढे ठेवून. उशीर केलात तर नंतर मागचं मिळवायला नाकी नऊ येतात.

९. रूममेट मिळून फॅमिली प्लॅन

चार लाइन एका खात्यावर घेतल्या की प्रत्येकी दर खूप उतरतो, म्हणून मुलं एकत्र येतात. पैशाच्या दृष्टीने कल्पना चांगली. पण खातं एकाच्याच नावावर असतं. फोनही हप्त्यावर घेतले तर चौघांचं मिळून तीन हजार डॉलरहून जास्त कर्ज त्या एकाच्या डोक्यावर. दोघं वर्षभरात दुसऱ्या शहरात नोकरीला जातात, एक परत भारतात जातो, आणि ज्याच्या नावावर खातं आहे त्याला प्रत्येकाच्या मागे लागून पैसे मागावे लागतात. मैत्री तुटलेली मी पाहिली आहे ती याच कारणाने. एकत्र प्लॅन घ्यायचाच असेल तर फक्त लाइन एकत्र घ्या. फोन ज्याचा त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा.

१०. ऑफर खरंच चांगली केव्हा

एक कुटुंब घ्या. नवरा-बायको, दोन मोठी मुलं, ग्रीन कार्ड झालेलं, घर घेतलेलं, पुढची तीन वर्षं कुठे हलायचं नाही. चौघांचेही फोन जुने झालेत. मोठ्या कंपनीत चार लाइन प्रत्येकी ४५ डॉलरने १८० पडतात, स्वस्त कंपनीत १००. फरक महिन्याला ८०. चार फोनचं क्रेडिट महिन्याला जवळपास ८९. इथे कंपनीची ऑफर खरोखर फायद्याची आहे, आणि वर रोमिंग आणि चांगला वेग मिळतो तो वेगळाच. अशा कुटुंबाला मी ‘घ्या’ म्हणतो.

फक्त ट्रेड-इनची, म्हणजे जुना फोन देऊन नवा घेण्याची, अट असेल तर जुना फोन कुठला घेतात ते आधी विचारा. भारतात घेतलेलं मॉडेल त्यांच्या यादीत नसू शकतं. आणि तीन वर्षं झाली, क्रेडिट संपलं की त्याच महिन्यात पुन्हा प्लॅनची तुलना करा. नव्या फोनच्या ऑफरचा निरोप त्या सुमारास नेमका येतोच.

एकट्या माणसाला नवा फोन हवाच असेल तर मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या, किंवा ॲपलकडचा दुरुस्त करून विकलेला फोन. त्यावर ॲपलची एक वर्षाची वॉरंटी असते. वापरलेला फोन दुसऱ्या माणसाकडून घेताना आयएमईआय तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. हप्ते थकलेला फोन कंपनी काळ्या यादीत टाकते, आणि तो कुठल्याच मोठ्या जाळ्यावर चालत नाही.

११. देश सोडायची वेळ आली तर

इथे क्रम चुकला की नुकसान होतं, म्हणून सावकाश वाचा.

फोनची बाकी किती आहे ते ॲपमध्ये पाहा आणि ती भरा. ‘परत जातोय, कोण विचारतंय’ असं म्हणून सोडून देऊ नका. थकलेली रक्कम वसुली कंपनीकडे जाते आणि तो डाग क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षं राहतो. उद्या पुन्हा व्हिसा मिळून आलात तर घर भाड्याने घेताना तो आडवा येईल.

बाकी फिटली की अनलॉकची मागणी करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाऊट इथे खाली ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं म्हणजे फोन मोकळा झाला.

मग अमेरिकेचा नंबर. इथल्या बँकेचा आणि टॅक्स रिफंडचा ओटीपी पुढचं वर्षभर त्यावर येणार आहे, त्यामुळे नंबर बंद करू नका. टेलोसारख्या कंपनीचे महिन्याला ५ डॉलरपासून प्लॅन आहेत, तिकडे पोर्ट करा. गुगल व्हॉइसवर एकदाच २० डॉलर भरूनही नेता येतो, पण काही बँका तिथे ओटीपी पाठवत नाहीत. पोर्ट करायला जुन्या कंपनीचा खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन लागतो, तो ॲपवर मिळतो.

पोर्ट झालं की ती जुनी लाइन आपोआप बंद होते, आणि मग त्या कंपनीकडून अनलॉक करून घेणं फार अवघड जातं. म्हणून आधी अनलॉक, मग पोर्ट, आणि हे दोन्ही विमानाच्या तारखेआधी निदान दोन आठवडे.